सरकारनं वाचून दिलेली पोथी

“बूट काढा, साहेब! आधी बूट काढा! नाहीतर ह्या उंबऱ्यात माझं मढं पडंल!” धर्माकाका ओरडत होता आणि बेटाच्या राजधानीतून, पोर्ट लुईहून आलेला गोरा पोलीस साहेब एका पायावर उभा राहून नाडी सोडत होता. माझा हा सख्खा काका साखर कारखान्यात कामाला होता आणि यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलायची त्याला सवय होती. आमच्या बों अक्योय गावात तो शिंकला, तर तिकडं बेटाच्या टोकाला प्लेन मान्येनच्या विमानतळावर उतरणारं विमान पुन्हा वर जायचं! त्या दिवशी अख्खा गाव उसाच्या फडातून कोयत्यांसकट धावत आला. गेल्या महिन्यात तो आवाज थांबला. निरोप आला तेव्हा मी क्वात्र बॉर्नच्या बाजारात वांगी निवडत होतो. ती तशीच टाकून बस धरली... आणि वाटभर, खरं सांगतो, रडायचं सोडून मला तो एका पायावरचा साहेबच दिसत होता.

साहेब आला होता पोथीसाठी. आमच्या आज्यानं भारतातून गिरमिटावर, म्हणजे उसाच्या मळ्यातल्या मजुरीच्या करारावर, येताना पत्र्याच्या पेटीतून आणलेली, हातानं लिहिलेली पोथी. अक्षर मोडी, एकेक ओळ म्हणजे न तुटणारी मुंग्यांची रांग. आजा गेला आणि बेटावर ते वाचणारा माणूसच उरला नाही. मग आम्ही ती नुसती पूजत राहिलो. दर सोमवारी हळद, कुंकू, जास्वंद. हळद तर इतकी, की पोथी उकळली असती तर गावजेवणाची आमटी पिवळी झाली असती. मरताना आजा काकाला एवढंच म्हणाला होता, “आपलं गाव पोथीत हाय.” सरकारी कागदावर नुसतं ‘मुंबई’ होतं, कारण जहाज तिथून सुटलं. लग्नकार्यात भटजी मूळ गाव विचारायचा, तेव्हा हा डोंगराएवढा माणूस जमिनीकडं बघायचा. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढं त्यानं पोथी धरली. सगळे तिच्या पाया पडले आणि निघून गेले.

आणि मग, आमच्या बेटाच्या स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं अवकाश असताना, कुणीतरी पोलिसांना निनावी पत्र धाडलं : धर्मा परदेशी हेर आहे, त्याच्या देव्हाऱ्यात सांकेतिक लिपीतलं पुस्तक आहे. साहेबानं पोथी उघडली, ती मुंग्यांची रांग पाहिली आणि त्याचे डोळे असे लकाकले, जणू राणीनं स्वतः चहाला बोलावलंय. “आयो! नेतोय की रं तो!” काकी किंचाळली. मी सरकारी कचेरीतला कारकून, म्हणून दुभाषा. मी साहेबाला हज्जार वेळा सांगितलं की ही देवाची पोथी आहे. जीप गेली ती गेलीच.

गावात चहाडखोराचा शोध सुरू झाला. संशय दुकानदार भिवावर. बायकांनी त्याच्याकडून मीठ घेणं सोडलं. असे पाच महिने. काकी रिकाम्या पाटावर फुलं वाहायची. काका जेवता जेवता थांबायचा... “पावसाचं पाणी लागलं असंल का तिला?” एवढंच विचारायचा आणि ताट सारायचा.

शेवटी जीप आली. साहेबानं न सांगता बूट काढले. पोथी थेट लंडनला जाऊन आली होती. तिथल्या कुणा म्हाताऱ्या पंडितानं ती सगळी उलगडून इंग्रजीत टाइप करून दिली होती. ओसरीवर चारशे माणसं. (चाळीस असतील, पण तुम्ही चारशेच धरा.) मी मराठी करून सांगू लागलो : बैलाचं पोट फुगलं तर ओवा. खूर सुजला तर कडुनिंबाचा पाला... इतकी वर्षं आम्ही ढोरांच्या औषधांना कुंकू लावत होतो! भिवा हसता हसता ओसरीवरून खाली पडला. काकी कपाळावर हात मारून म्हणाली, “आमची तांबडी वरीसभर लंगडतीया, अन् औषध देव्हाऱ्यात!”

काका हसला नाही. “शेवटचं पान वाच,” म्हणाला.

शेवटच्या पानावर आज्याच्या नावानं होतं : ‘लिहिणार सखा धर्माजी, मुक्काम आंबेवाडी, नदीपल्याडची.’ काकानं ते मला तीनदा वाचायला लावलं. मग स्वतः म्हणून पाहिलं... आंबेवाडी. इतक्या हळू बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं.

चहा पिताना साहेबानं खिशातून ते निनावी पत्र काढलं आणि असला खोडसाळपणा कोण करील म्हणून मला विचारलं. मी पत्र वाचलं. ‘हा हेर सगळ्या फ्लाक जिल्ह्यातला सर्वांत हुशार माणूस आहे. दिसायला रुबाबदार. पुस्तक नेताना मेणकापडात गुंडाळावं, पावसाचे दिवस आहेत. शेवटचं पान नीट वाचून घ्यावं.’

मी वर पाहिलं. काका बशीतल्या चहावर फुंकर घालत होता.

साहेबाला म्हटलं, काही सांगता येत नाही बुवा. जीप वळणाआड गेली तसं काकाला गोठ्यामागं गाठलं. “काका, पार तुरुंगात घातलं असतं तुला! मग?”

“गाव तिथं कळलं असतं,” काका म्हणाला.