उचगावची रजा

कराचीला जायला निघालो त्या सकाळी आमच्या दारात गाडी जुंपून तयार होती आणि तिच्याभोवती निम्मी आळी जमली होती. निरोपाला आलेल्यांतल्या काहींनी आपापली दुखणीही बरोबर आणली होती. मी नुकताच मुंबईहून डॉक्टरीची परीक्षा पास होऊन आलो होतो. शेतकऱ्याच्या घरातला डॉक्टर उचगावानं तोवर पाहिला नव्हता. मी गाडीत चढल्यावरही एका म्हाताऱ्यानं जीभ काढून दाखवली.

"आरं, जीभ आत घे की आता, आगगाडी चुकंल त्याची," माझा थोरला भाऊ अण्णा म्हणाला.

वडिलांनी, आप्पांनी, एवढंच सांगितलं, "परमुलखात जीवाला जप." आईनं शिदोरी हातात दिली. अण्णा वाटेवरच्या हिंडलग्यापर्यंत गाडीबरोबर चालत आला. परतताना बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मन न्हाय लागलं तर माघारी ये. शेत कुटं पळून जातंय?"

बेळगावहून पुणं, मुंबई आणि तिथून आगबोटीनं कराची. बंदरावर उंटांच्या गाड्या बघून मी लहान पोरासारखा उभा राहिलो. सरकारी इस्पितळात वॉर्ड मिळाला. आजारी माणसाला डॉक्टर सिंधीत कसं आहे विचारतो याचंच तिथल्या लोकांना अप्रूप वाटायचं, म्हणून मी सिंधी लवकर शिकलो. पुढं लग्न झालं, इंदू आली. तिनं गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या आणि आमचं घर झालं. सुखाचे दिवस होते, हे तेव्हाही कळत होतं.

महायुद्ध संपत आलं तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ आली. इस्पितळातल्या खाटा भरल्या, मग व्हरांडे भरले. औषध म्हणावं असं आमच्याजवळ काही नव्हतं. पाणी पाजायचं, कपाळावर ओली घडी ठेवायची आणि पुढच्या माणसाकडं वळायचं. सकाळी ज्याच्याशी बोललो तो संध्याकाळी नसायचा. सुरुवातीला मी प्रत्येकाच्या घरच्यांशी थांबून बोलत होतो. नंतर नुसती मान हलवू लागलो. शेवटी शेवटी मानही हलेना.

साथ ओसरली. मी धडधाकट होतो. जेवत होतो, झोपत होतो, कामात चूक होत नव्हती. पण आतलं सगळं गप्प झालं होतं. गावाहून अण्णाचं पत्र आलं, त्याची सहा वर्षांची तानी साथीत गेली. मी ते वाचलं, खिशात ठेवलं आणि वॉर्डात गेलो. पुढच्या उन्हाळ्यात आम्हांला मुलगी झाली. इंदूनं विचारलं, "कशी आहे?" मी म्हणालो, "वजन बरं आहे." तिनं मुलीला आपल्याकडं ओढून घेतलं.

आमचे मोठे डॉक्टर पारशी होते, पांढऱ्या केसांचे आणि फार कमी बोलणारे. एकदा एका भाजीवाल्याची बायको, नवरा बरा होऊन घरी निघाला म्हणून माझे दोन्ही हात धरून रडत होती, आदरानं साईं साईं म्हणत होती. मी तिच्या खांद्यावरून पलीकडच्या खाटेकडं बघत होतो. मोठ्या डॉक्टरांनी ते पाहिलं. मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "प्लेगच्या साथीनंतर माझंही असंच झालं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. फार वर्षं फुकट गेली. तू घरी जा. तुझा वॉर्ड मी बघतो."

त्या वयात त्यांनी आपलं काम सांभाळून माझ्या फेऱ्या केल्या. एवढी लांब रजा मंजूर करून घेण्यासाठी वरिष्ठांशी भांडले, हे मला फार पुढं कळलं.

आम्ही उचगावात पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात माणसं येऊन बसली. कुणाला खोकला, कुणाची कंबर धरलेली. अण्णा पायरीवर जाऊन उभा राहिला.

"डाक्टर न्हाय हितं. माझा भाऊ आलाय."

"आरं, पर त्योच डाक्टर न्हवं?"

"हाय की. पर सध्या लई दमलाय. दुखणं घिऊन बेळगावला जावा."

मी आतून ऐकत होतो. लोक चिडले. शेजारच्यांनी तर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. अण्णाची स्वतःची पोर डॉक्टरविना गेली होती, आणि तिचा डॉक्टर काका परक्यांच्या उशाशी बसला होता. त्यानं मला त्याबद्दल एक शब्द सुनावला असता तरी त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. त्यानं सुनावला नाही. रोज सकाळी तो पायरीवर उभा राहायचा, मग मला घेऊन भाताच्या भांगलणीला, तण काढायला जायचा.

एका दुपारी वैनी पाय पसरून, पायांवर आमच्या मुलीला घेऊन तेल चोळत होती. मुलगी खदाखदा हसत होती. वैनी आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तानीबी अशीच पाय झाडायची."

मी उंबऱ्यावर बसलो होतो. विचारलं, "वैनी, तानी कशी होती?"

तिचा हात थांबला. "समद्यांनी ती कशी गेली ते इचारलं. कशी हुती ते तुमीच इचारलंसा."

मग ती सांगत बसली. तानी परकराच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन वाटेवर उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एक शेंग घेतल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही. भांडायला आलेल्या माणसालाही शेंग. कानडी बोलणाऱ्या बांगडीवाल्याला शेंग देऊन त्याच्याकडून आकडे शिकली होती, आणि वैनीला तेच आकडे शिकवायची.

ऐकता ऐकता मी रडायला लागलो. तानीसाठी रडलो, आणि व्हरांड्यातल्या माणसांसाठीही. वैनीनं मला गप्प केलं नाही. आमची मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "रडून घ्या भाऊजी. आमचं रडून झालंय, तुमचंच ऱ्हायलंय."

मी एका दिवसात बरा झालो नाही. पण काही दिवसांनी मी आपणहून अण्णाशेजारी पायरीवर जाऊन बसलो. जवळच्या कंग्राळी गावची एक बाई तापलेलं पोर घेऊन आली. अण्णानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "दाखवा." पोराच्या कपाळाला हात लावला आणि मला त्याची काळजी वाटली. साधी काळजी, घरच्या पोराची वाटावी तशी. ती परत आल्याचा एवढा आनंद झाला की त्या बाईला मी दोनदा तेच तेच सांगितलं.

मग मात्र कराचीला जाववेना. गावात डॉक्टर नाही, इथंच राहतो, असं मी अण्णाला म्हणालो. त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"ऱ्हायचं तर ऱ्हा. पर तानीपायी ऱ्हाऊ नको. तिच्या नावानं तुला बांधून घालायचं न्हाय मला."

मी परत गेलो. तिकडं एक म्हातारा माणूस माझ्या फेऱ्या करत होता, आणि मला ते काम पुन्हा मनापासून हवंसं झालं होतं. मोठ्या डॉक्टरांनी वॉर्ड माझ्या हवाली केला आणि त्याच आठवड्यात स्वतः विश्रांतीला गेले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी उचगावला येतो आणि आमच्या ओसरीवर बसून माणसं तपासतो. इस्पितळात कुणी तरुण डॉक्टर यंत्रासारखा चालताना दिसला, तर त्याला आपल्या घरी पाठवून त्याचा वॉर्ड मी घेतो. ज्यांना जायला घर नसतं त्यांची पथारी आमच्याकडं पडते. इंदू त्यांना इस्पितळाचा विषय काढू देत नाही.

मागच्या साली अण्णा प्रथमच कराचीला आला. दिवसभर इस्पितळाच्या आउटडोअरमध्ये, रोग्यांच्या बाकावर बसून राहिला. शेजारी एक सिंधी शेतकरी होता. दुपारी बघतो तर दोघं हातवारे करत गप्पांत रंगलेले.

संध्याकाळी विचारलं, "काय बोलत होतास रं त्याच्याशी?"

"त्यो त्याच्या गव्हाचं बोलला, मी माझ्या भाताचं."

"कळलं काय?"

"न कळायला काय झालं?"

उचगावात मला लोक विचारतात, घरी कधी निघालास, आणि मी कराचीच्या आगबोटीचा दिवस सांगतो. कराचीत कुणी विचारलं, घरी कधी जाणार, तर उन्हाळा लागला की, असं सांगतो. दोन्हीकडं मी खरंच सांगत असतो.