सीट मागे

आमचे हे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. घरातला दिवा महिनाभर लुकलुकत राहील, पण परक्याच्या गाडीतली वायर तुटली की यांना जेवण गोड लागत नाही. उंची सहा फुटांच्या वर, त्यामुळे कुठल्याही गाडीत बसताना यांचा पहिला उद्योग ठरलेला: सीट खाडकन पार मागे ढकलायची.

वन्संची, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीची, गाडी ऑटोमॅटिक. ती चालता चालता धक्का द्यायची, समोरचं गियरचं अक्षर गायब व्हायचं आणि गाडी एकाच गियरमध्ये अडकून कण्हत राहायची. बंद करून सुरू केली की पुन्हा शहाणी. यांनी तीनदा तपासली. गियरच्या लिव्हरचा सिग्नल मध्येच तुटतो, एवढंच स्कॅनर सांगायचा. यांच्या हातात मात्र गाडी सुतासारखी सरळ. शेवटी हे सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तू लिव्हर अर्धवट ठेवतेस. लक्ष नसतं तुझं."

वन्सं एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी ऐकून घेतलं. त्याच सुमारास त्यांचं दूध एकदोनदा उतू गेलं होतं. त्यांच्या मुलाने गाडी विकायची म्हटल्यावर त्यांनी मुकाट्याने किल्ली काढून दिली. मला यांचा भयंकर राग आला.

"विकण्याआधी त्यांना चालवायला बसवा आणि तुम्ही नुसते शेजारी बसा," मी म्हटलं.

"तीनदा बघितलीय मी गाडी."

"गाडी बघितलीत. त्यांना चालवताना कुठे बघितलंत?"

यांनी कुरकुरत लिव्हरच्या वायरीला मीटर जोडला. मी मागे बसले. वन्सं ठेंगण्या; त्यांनी सवयीने सीट पार पुढे ओढली आणि मीटरवरचा आकडा शून्यावर आला. गाडी अजून जागची हललीही नव्हती.

"ताई, जरा मागे हो." आकडा परत आला.

"पुढे ये." गेला.

यांनी सीटखालचा गालिचा उचकटला. सीट पुढे आली की रुळाचं टोक खालून जाणारी लिव्हरची वायर दाबत होतं. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली; आधी धक्क्याने सुटायची, आता नुसत्या दाबानेही. यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"दर वेळी मीच सीट मागे ढकलून तार जुळवत होतो," हे म्हणाले. "तुझं काहीच चुकलं नव्हतं, ताई."

वन्सं स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या. "म्हणजे माझं डोकं कामातून जात नाहीये ना रे?"

"नाही हो वन्सं," मी म्हटलं आणि डोळे पुसले.

वायर बदलल्यावर हे चाचणीला बसले. हात सीटकडे जाताच वन्संनी त्यावर फटका मारला. मग गुडघे हनुवटीशी घेऊन यांनी चौकापर्यंत चक्कर मारली.

"उद्या सगळ्यांसमोर सांगतो," परत आल्यावर हे म्हणाले.

"सांगशीलच. आधी ऊठ, माझी जागा आहे ती."