पेंढ्यातली काच

उकिरड्याकडे इतक्या मायेनं पाहणारा माणूस आमच्या दाजींच्या आधी कधी झाला नाही आणि पुढंही होईल असं मला वाटत नाही. लोक देवळासमोरून जाताना हात जोडतात. दाजी कचऱ्याच्या ढिगाजवळून जाताना चाल मंद करीत, मान तिरकी करून आत डोकावत, आणि चिंध्यांत काच, राखेत खिळे असं भलतंसलतं एकत्र पडलेलं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होई. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते कुठं उभे राहू लागले होते. त्यांतल्याच एका लहानशा शाईच्या कारखान्यात दाजी स्टोअरकीपर होते आणि त्यांच्याच शब्दावर मला तिथं हिशेबनिसाची नोकरी लागली. मी त्यांच्याकडेच राहत असे आणि कारखान्यातही त्यांना दाजी म्हणत असे. पाहता पाहता मालकांपासून हमालांपर्यंत सगळे दाजी म्हणायला लागले. अशा रीतीनं अख्खा कारखाना त्यांचा मेव्हणा झाला आणि मेव्हण्यांनी करायची ती थट्टाही मनसोक्त करू लागला.

कोठाराच्या मागचं आवार त्यांच्या कामात मोडत नव्हतं. ते त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. तिथं फुटक्या बाटल्यांचा खड्डा वेगळा, पत्र्याचा ढीग वेगळा, शाईनं माखलेल्या चिंध्या वेगळ्या, आणि तेजाबाच्या रिकाम्या बरण्यांना तर त्यांनी तारेचं कुंपण घातलं होतं. 'कचरा' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. काय आहे ते नाव घेऊन सांगा, म्हणत. मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी आले, खालची टोपली उचलली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या वह्यांवर पालथी केली. टीपकागद, टाचण्या, दाढीचं एक मोडकं पातं, पेरूचा देठ. मी चिडलो. दाजी शांतपणे म्हणाले, "या टोपलीत कुणाचा हात जातो, ठाऊक आहे तुला? पारूबाईचा. तिची ओळख करून घे, मग टाक काय टाकायचं ते." पारूबाई झाडलोट करायची. ती दारातच उभी होती आणि माझ्यापेक्षा जास्त लाजली होती. त्या दिवसापासून टाचण्यांसाठी मी वेगळी डबी ठेवली. आज इतक्या वर्षांनीही ती माझ्या टेबलावर असते आणि माझी मुलं मला हसतात.

घरीही सुटका नव्हती. आमरसाच्या दिवशी साली एका ताटात, कोयी दुसऱ्या ताटात, आणि पाहुण्यांपैकी कुणी कोय सालींत टाकली तर दाजी बोलत नसत, पण त्यांचा घास तोंडाशीच थांबे. पुतणीच्या लग्नात वधूवरांवर अक्षता पडत होत्या तेव्हा हा सख्खा काका मांडवाच्या मागं उष्ट्या पत्रावळींपाशी उभा होता. पत्रावळी टाचलेल्या बांबूच्या चोया गाईच्या पोटात जातात म्हणून एकेक चोय उपसून काढत होता. रंगाच्या भुकटीचे रिकामे डबे तर इतके सुरेख असत की चाळीतल्या सगळ्या बायकांचा त्यांवर डोळा होता. ज्वारीला, डाळींना असा डबा मिळणं म्हणजे चैनच. दाजी मोठ्या खिळ्यानं प्रत्येक डब्याच्या तळाला भोकं पाडूनच तो बाहेर जाऊ देत. त्या भुकटीत विष असतं, धुऊन जात नाही, हे त्यांनी घरोघर सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि ताईकडे पाहिलं. बिचाऱ्या ताईलाही भोकाचाच डबा मिळाला. तिनं त्यात तुळस लावायला घेतली तर म्हणाले, तुळशीचं पान तोंडात जातं, मोगरा लाव. ताई मोगरा लावता लावता जे पुटपुटली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण दाजींच्या साऱ्या ढिगांमध्ये त्यांचा लाडका ढीग होता पेंढ्याचा. शाईच्या रिकाम्या बाटल्या लाकडी खोक्यांतून, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून रेल्वेनं येत. बाटल्या कारखान्याच्या आणि पेंढा रहाटणीच्या आबांचा, असा तोंडी करार होता. आबांची नदीच्या अलीकडची जमीन कारखान्यात गेली होती. ती देताना त्यांनी मालकांकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं. दर शनिवारी पवनेच्या उतारातून आबांची बैलगाडी येई. आबा अबोल आणि दाजींना फक्त कचऱ्यावर बोलता येई, त्यामुळे दोघांची मैत्री फार दाट होती. पायरीवर बसून तंबाखू मळायची, गाडी भरताना पाहायची आणि मावळतीला उठायचं. माझ्या बहिणीजवळसुद्धा दाजी इतका वेळ गप्प बसत नसत.

एका उन्हाळ्यात मात्र खोकी फार आदळआपट होऊन आली. दाजींनी पेंढ्यात हात घातला तो रक्ताळूनच बाहेर निघाला. बाटल्यांच्या काचेची सुईसारखी कुसळं काडीकाडीत शिरली होती. आदल्या आठवड्यात आबांच्या चांद्या बैलाचा ओठ फाटला होता. बाभळीचा काटा लागला असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. दाजींना त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यांनी पेंढा पाण्याच्या हौदात बुडवून पाहिला. मोठ्या काचा तळाशी गेल्या, बारीक तशाच राहिल्या. शेवटी सगळा ढीग आवाराच्या कोपऱ्यात नेऊन त्यांनी पेटवून दिला. धूर नदीपलीकडे रहाटणीपर्यंत दिसला. गावात कडबा संपत आला होता, माळावर गवताची काडी नव्हती, आणि गावकऱ्यांना काय दिसलं, तर कंपनी आपल्या बैलांचा चारा जाळते आहे.

आबा वार सोडून दुसऱ्याच दिवशी आले, गाडीशिवाय. दाजींनी आपला हात दाखवला, काच दाखवली, चांद्याच्या ओठाचं सांगितलं. आबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "जिमीन घेतली तवा गोड बोलला. आता पेंढा बी नको वाटतो द्याया. तसं सांगा की, काच कशाला दावता?" आणि पायरीवर न बसता गेले. दाजी कोठारात जाऊन उगीचच पुठ्ठे लावत बसले. मित्राच्या बैलांचा जीव वाचवावा आणि त्याच मित्राच्या लेखी लबाड ठरावं, याला काय करायचं ते त्यांना कळेना. मलाही कळलं नाही. सगळ्यांशी भांडणाऱ्या माझ्या दाजींना आबांशी मात्र भांडता येत नव्हतं.

मग त्यांनी जे आरंभलं त्यावर कारखाना पुढं कित्येक दिवस हसत होता. बाटल्यांची गाडी आली की दाजी कोटाच्या बाह्या सारून, टोपी काढून प्रत्येक खोक्याला कान लावत. हमालाला ते हळूच डोलवायला सांगत. आत खुळखुळलं की लाल खडूची फुली, आणि ते खोकं थेट काचेच्या खड्ड्यापाशी, पेंढ्यासकट. खुळखुळलं नाही तर ते ताडपत्रीवर उघडायचं. आतल्या सगळ्या बाटल्या धड निघाल्या तरच त्याचा पेंढा निराळ्या ढिगात जायचा. हमाल त्यांना वैद्यबुवा म्हणू लागले. कुणी आपली छाती पुढं करून, बघा हो काही फुटलंय का, म्हणून विचारी. मालक वैतागले, कारण उतरायला दुप्पट वेळ लागे. दाजींनी त्यांना सांगितलं की वेळ माझा घ्या, पण शब्द तुमचा आहे. मालक तसे भले होते. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

स्वच्छ पेंढ्याचा ढीग वाढत गेला, पण आबा फिरकले नाहीत. शेवटी एका रविवारी दाजींनी भाड्याची गाडी केली, पेंढा भरला आणि मला बरोबर घेतलं. पायातल्या वहाणा हातात धरून आम्ही नदी ओलांडली. आबा गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. आत बैलांच्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या. आबांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दाजींनी खोक्यांचं, कान लावण्याचं, ताडपत्रीचं सगळं सविस्तर सांगितलं. आजूबाजूची माणसं गोळा झाली. आबा नुसते पेंढ्याकडे पाहत होते.

"तुमीच म्हनलाव पेंढ्यात काच हाय," ते म्हणाले. "आता न्हाई म्हनता. मुकं जनावर हाय, दाजी. कशावरनं घालू त्याच्याम्होरं?"

दाजी गाडीपाशी गेले, पेंढ्याची चांगली मूठभर जुडी ओढली आणि माझ्या डोळ्यांदेखत तोंडात कोंबली. मॅट्रिक झालेला, कोट-टोपीतला, चारचौघांत पान खायलाही लाजणारा माणूस भर गोठ्यासमोर पेंढा चघळू लागला. पेंढा काही गिळला जाईना आणि दाजी काही थुंकेनात. डोळ्यांतून पाणी आलं, कानशिलं लाल झाली, तरी दाढा चालूच. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. एखादी काच राहिली असेल तर? पण दाजींच्या चेहऱ्यावर ती शंका नव्हती. आपण निवडलेल्या ढिगावर त्यांचा इतका विश्वास होता.

बराच वेळ गेल्यावर आबा उठले. दाजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "थुका आता. बैल बी येवढा येळ चावत न्हाई."

सगळे हसले, दाजीसुद्धा, आणि हसताना त्यांना जो ठसका लागला तो घरातून ताक आल्यावरच थांबला. आबांनी स्वतः एक पेंढी उचलून चांद्यासमोर टाकली. चांद्यानं मान खाली घातली आणि काडी न काडी संपवली.

त्यानंतर आबांचे शनिवार पुन्हा सुरू झाले. फरक एवढाच पडला की गाडी भरण्याआधी आबा ढिगातून दोन काड्या उपसत, एक स्वतःच्या दातांत धरत, एक दाजींच्या हाती देत, आणि दोघे पायरीवर काड्या चघळत बसत. काही वर्षांनी बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येऊ लागल्या. खोक्यांत पेंढा राहिला नाही आणि आबांना कारखान्यात यायचं काही कारणही उरलं नाही. दाजी त्या शनिवारी उगीचच पायरीवर जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना चहाला बोलवायला निघालो, तेवढ्यात फाटकातून आबा चालत आले. गाडी नव्हती, बैल नव्हते. शेजारी बसून त्यांनी मुंडाशाच्या घडीतून दोन काड्या काढल्या. घरच्या खाचरातल्या होत्या. दाजींनी आपली काडी सवयीनं तपासायला उजेडात धरली, मग थांबले, ओशाळून हसले आणि न तपासताच तोंडात घातली.