सरांच्या कमरेवर पायाची परीक्षा

आता ऐकाच, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. नाकातून आला तर मी जबाबदार नाही!

खो-खो खेळताना खांबाजवळ वळलो आणि घोटा मुरगळला. रविवारी जिल्हा संघाची निवड, आणि मी खाटेवर, पाय उशीवर! रडूच आलं हो मला.

सूज उतरल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडमनी रबरी पट्टा दिला. "पाय यात अडकवायचा आणि पुढे ढकलायचा. हळूच! धावणं, उड्या मी सांगेन तेव्हाच."

एक सांगायचं राहिलं. मी पायाळू. जन्मताना आधी माझे पाय बाहेर आले. अशा माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्यात नंदुरबारला मिरचीचा हंगाम! पोती उचलून निम्म्या गल्लीच्या कमरा धरलेल्या.

शेजारचे आप्पा वाकत वाकत आले. "भो, उसण भरनी रे. जराशी लाथ मार ना!"

"आप्पा, मन्हा पाय मुरगळेल शे!"

"मंग दुसरा पायनी मार!"

मी म्हटलं, दुसऱ्याने कशाला? दुखऱ्यानेच मारू. पट्टा ढकलला काय, आप्पा ढकलले काय, व्यायाम तो व्यायाम! मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून लगेच वाकून नमस्कारही केला.

आप्पा ताठ चालत गेले आणि दारात रांग लागली. लाथ, नमस्कार. लाथ, नमस्कार. घोटा सुधारत होता, डोकं बिघडत होतं. मॅडमचं 'हळूच' मी केव्हाच विसरलो.

शनिवारी कोण यावं? उद्या निवड करणारे आमचे प्रशिक्षक, कंबर धरून! "तू पायाळू शे म्हने. मन्हीबी कंबर दखी ले."

मला तर घबाडच मिळालं. उसणही उतरेल आणि पाय बरा झाल्याचा पुरावा थेट सरांच्या कमरेला मिळेल!

"सर, भितले धरा!"

मी चार पावलं मागे गेलो, धावत आलो आणि हाणली! सर भिंतीवरून घसरून ओट्यावर पालथे.

"सर, लागनं का?"

"पाय एकदम फिट शे रे तुन्हा..." सर कण्हले. "पन निवड कराले माले उठाडी कोन?"

रविवारी निवड दुसऱ्याच सरांनी केली. राखीव खेळाडूंतही माझं नाव नाही. कारण विचारायला त्या सरांजवळ गेलो, तर ते दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे मागे सरकायला लागले!