रुद्रम्माक्कांची खुर्ची

रुद्रम्माक्का खुर्चीत बसून नाच शिकवायला लागल्या, ही बातमी लोहाऱ्यात एका बाजाराच्या दिवसात फिरली. "बसून नाच? मग झोपून पोहणं पण शिकवतील," असं कुणीतरी चहाच्या टपरीवर बोललं. अक्कांच्या कानावर ते आलं.

"पोहणं मला येत न्हाय," अक्का म्हणाल्या. "आलं असतं तर शिकवलं असतं."

अक्का मूळच्या सीमेपलीकडच्या, आळंदच्या. भरतनाट्यम त्या गुलबर्ग्यात शिकल्या आणि लग्न होऊन लोहाऱ्यात नागप्पांच्या घरी आल्या. नागप्पांची अडत होती. अडत बंद केल्यावर धान्याचं गोदाम रिकामं राहिलं, ते अक्कांनी नाचाच्या क्लाससाठी मागून घेतलं. खाली शहाबादी फरशी होती. त्या फरशीवर अक्का वर्षानुवर्षं पाय आपटत राहिल्या. फरशी झिजली नाही, डावा गुडघा झिजला. मग त्यांनी फरशी उखडून टाकली आणि मुरूम-माती टाकून जमीन चोपून घेतली. गुडघा सुजलेला असतानाही दोन्ही हातांत धुम्मस धरून कोपरे त्यांनी स्वतः ठोकले. माझा गेला तो गेला, पोरींचे जायला नकोत, एवढंच त्या बोलल्या.

डॉक्टर म्हणाले, चाला, उभ्या राहा, पण गुडघ्यांवर भार देऊन वाकायचं नाही आणि पाय आपटायचा नाही. आता या नाचाची सुरुवातच तिथून होते. गुडघे दोन्ही बाजूंना उघडायचे आणि अर्धं बसायचं. पूर्ण बसणं सोपं असतं, खुरपणीच्या बाया दिवसभर बसतात. ताठ उभं राहणंही सोपं. मध्ये थांबायचं आणि मध्येच टिकायचं, मेहनत ती आहे.

अक्कांनी गोदामात लाकडी खुर्ची आणवली. त्यांची थोरली शिष्या आफरीन हिचे वडील शब्बीरभाई गाद्या भरायचे. त्यांनी खुर्चीपुरती गादी भरून दिली.

पहिल्याच आठवड्यात नीलाताई आल्या. तहसीलमध्ये नोकरी, बोलणं स्पष्ट. त्यांची अक्षरा क्लासला यायची. आसपासच्या गावच्या मुलींची जीपही नीलाताईच ठरवायच्या. म्हणजे नीलाताई जिकडं जातील तिकडं जीप, आणि जीप जाईल तिकडं क्लास.

"अक्का, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पण करून दाखवणारं माणूस लागतं. उमरग्याला नवीन क्लास निघालाय. बाकीच्या आया पण मला विचारतायत."

"शाळेचं संमेलन होऊ द्या. पोरी अलारिप्पू करणार आहेत. ते बघा आणि मग खुशाल न्या."

अलारिप्पू म्हणजे या नाचातली पहिली पायरी. त्यात गोष्ट नसते, गाणं नसतं. आधी डोळे आणि मान, मग खांदे, मग हात, मग पाय, असं शरीर एकेक भागानं उलगडत जातं. कुठला भाग कच्चा आहे ते लपत नाही. अक्कांनी मुद्दाम तेच निवडलं होतं.

शिकवायची रीतही त्यांनी तशीच लावली. शरीर एकदम शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. डोकं, हात, छाती, बरगड्यांखालच्या दोन्ही कुशी, कंबर, पाय ही अंगं. खांदे, दंड, पाठ, पोट, मांड्या, पोटऱ्या ही प्रत्यंगं. डोळे, भुवया, गाल, ओठ, हनुवटी ही उपांगं.

"ध्यानात ठेवा," त्या बजावायच्या. "अंग हललं की प्रत्यंग आणि उपांग त्याच्या मागं येतं. मालक अंग आहे."

मानेसाठी डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवायचा. मान डावी-उजवीकडं सरकली पाहिजे, तांब्या कलता कामा नये. डोळ्यांसाठी तोंड न वळवता बुबुळं कोपऱ्यापर्यंत न्यायची. पाय तर अक्का कानानंच तपासायच्या. लाकडी ठोकळ्यावर दांडक्यानं ताल द्यायच्या आणि तळवा सपाट पडला की टाच आधी पडली, ते आवाजावरून सांगायच्या. काम झकास चाललं होतं.

आणि मग खांदा पडायला लागला.

आधी अक्षराचा. डावा खांदा खाली. अक्का ओरडल्या, "खांदा!" तिनं उचलला. चार आवर्तनं गेली की पुन्हा खाली. मग दुसरीचा पडला, तिसरीचा पडला. सगळ्यांचा डावाच. अक्कांनी भिंतीला पाठ लावून उभं केलं, दंडांचा व्यायाम दिला, रागावल्या. भिंतीपाशी खांदा सरळ राहायचा आणि मध्ये आलं की उतरायचा. संमेलन जवळ आलं.

"दप्तरं एका खांद्यावर अडकवता, दुसरं काय!" अक्का कडाडल्या. "उद्यापासून दप्तर डोक्यावर घ्या!"

आफरीन पुढं आली. "अक्का, गुस्सा करायचा न्हाय. एक सांगू?"

"सांग की. आता तू तरी कशाला मागं राहतेस."

"जरा उठता का?"

अक्का उठल्या. आफरीननं खुर्चीतली गादी उचलून त्यांच्यासमोर धरली. उजवी बाजू भाकरीसारखी चपटी झाली होती. डावी बाजू शब्बीरभाईंनी भरली तशीच फुगलेली.

"डावा गुडघा सांभाळता ना तुम्ही. सगळा भार उजवीकडं टाकून बसता. आमी समोरून बघतो. तुमचा उजवा, आमचा डावा. आरशागत."

अक्षरानं तोंडावर हात दाबला, तरी हसू फुटलंच. "अक्का, दप्तर तुम्ही पण डोक्यावर घ्या मग."

अक्कांनी गादीची चपटी बाजू दाबून बघितली. मग मोठ्यानं हसल्या.

"अय्यो! आणि मी खांद्याला शिव्या देतेय. खांदा प्रत्यंग आहे गं! त्याची काय चूक? कूस मुडपलीय. माझी कूस. खांदा तिच्या मागं गेला."

तोंडानं सांगितलेलं पोरींनी ऐकलं होतं आणि डोळ्यांनी दिसलेलं उचललं होतं. बसलं म्हणून शरीर शिकवायचं थांबत नाही. आता खुर्ची सोडायची किंवा खुर्चीत नीट बसायचं. सोडणं शक्य नव्हतं.

डाव्या पायाखाली पाट घेतला. भार दोन्हीकडं सारखा टाकला तेव्हा गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत गेली. अक्कांनी ती जाऊ दिली. सकाळी मुली यायच्या आधी त्या खुर्चीत बसून कुशी, कंबर, छाती यांचा सराव करू लागल्या, गुलबर्ग्यात शिकायला गेलेल्या पोरीसारखा पहिल्यापासून. क्लासात फर्मान काढलं, "मी कलले की जिला दिसेल तिनं ओरडायचं."

पहिल्या दिवशी पोरींनी इतकी हौस फेडून घेतली की ताल कमी आणि "अक्का, कूस!" जास्त. नागप्पा घरातून विचारत आले, "काय झालं?"

"अभ्यास घेतायत माझा. तुम्ही जावा."

आफरीन खुर्चीशेजारी उभी राहू लागली. कंबरेच्या वरचं अक्कांकडं बघायचं, खालचं आफरीनकडं. दोघी मिळून एक पुरी बाई व्हायची. मुलींना त्याचंही हसू यायचं, पण खांदे हळूहळू वर आले. खांद्याला कुणी काही न बोलता.

संमेलनात मंडपाच्या कडेला तीच खुर्ची मांडली होती. अक्कांनी दांडकं ठोकळ्यावर मारलं. डोळे फिरले, माना सरकल्या, खांदे उठले, हात उघडले. मग पोरी अर्ध्यावर बसल्या आणि अर्ध्यावर राहिल्या. सगळ्यांचे खांदे एका रेषेत होते. आणि खुर्चीतल्या अक्कांचेही.

नीलाताई नंतर खुर्चीपाशी आल्या. अक्षराच्या पायातले घुंगरू सोडता सोडता म्हणाल्या, "अक्का, जीपवाला विचारत होता, पुढं चालू ठेवायची का म्हणून."

"मग?"

"चालू ठेव म्हणाले."

पाडव्याच्या सुमारास शब्बीरभाई गादी न्यायला आले. हातावर तोलली, उलटी-सुलटी करून बघितली.

"सारखी दबलीय की अक्का, दोन्ही अंगांनी. नुसती पिंजून देतो."

"द्या," अक्का म्हणाल्या. "पण मऊ करू नका. बसायचं न्हाय मला, शिकवायचंय."