जावयाचे डास

डास मारल्यावर हळहळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. तुम्ही-आम्ही दंडावर चापट मारतो आणि पुढच्या कामाला लागतो. आमचे साडूभाऊ चापटीचा आवाज झाला की मान वळवून विचारायचे, "पंख शाबूत आहेत का?" मी जालन्यात बियाण्याचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकासमोर त्यांनी असा प्रश्न विचारला की मी गिऱ्हाइकाकडे बघून कसंनुसं हसतो आणि म्हणतो, प्रोफेसर आहेत. जालन्याच्या लोकांना एवढा खुलासा पुरतो.

ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि मी सांगतोय तेव्हा डासांच्या पंखांवर पीएच.डी. करत होते. जालना जिल्हा वेगळा झाला त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि नव्या जिल्ह्यातल्या डासांची दखल आपल्याशिवाय कोण घेणार, अशा जबाबदारीने ते वागायचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कापसाचं बूच लावलेल्या काचनळ्या. पिशवीत टॉर्च आणि एक यंत्र, म्हणजे काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी आणि मध्ये बारीक जाळीचा तुकडा. भिंतीवर बसलेल्या डासाजवळ काचेचं तोंड न्यायचं, रबराचं तोंड आपल्या तोंडात धरायचं आणि हलकेच श्वास ओढायचा. डास नळीत येतो. जाळीमुळे पोटात जात नाही. हे दुसरं वाक्य ते प्रत्येकाला सांगायचे, तरी कुणी त्यांच्या हातचा चहा घेताना जरा विचारच करायचं.

मोजायच्या त्या फक्त माद्या, कारण चावते ती मादी. तिचा डावा पंख सोडवून काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लांबी घ्यायची. कडेची झालर मापात धरायची नाही. ही झालर धरायची की नाही यावर ते माझ्याशी जेवणाच्या ताटावर तासभर बोललेत, आणि मी दोन्ही बाजूंनी मान डोलावली आहे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, एकदा वाढता वाढता म्हणाली, "जाफराबादच्या डासिणीचा पंख केवढा ते यांना केसाच्या फरकानं माहीत. मला बांगडी कोणत्या मापाची लागते ते इचारा बरं." साडूभाऊंनी ताईंच्या मनगटाकडे बराच वेळ बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मोजावं लागेल."

कुंभार पिंपळगावला एका लग्नात तर कमाल झाली. पंगत बसली आणि साडूभाऊ गायब. शोधता शोधता ते यजमानांच्या गोठ्यात सापडले, कोपऱ्यात उकिडवे, तोंडात रबरी नळी. आपल्याकडे लग्नात पाहुणा पंगत सोडून गोठ्यात जाऊन बसला की त्याचा अर्थ एकच. मुलीच्या चुलत्याचा चेहरा पडला. "काय चुकलं मानपानात, मालक? आमच्याकून बिलकुल कमी पडलं नस्तं." साडूभाऊंच्या नळीत त्या वेळी डास होता, त्यामुळे तोंड उघडणं शक्य नव्हतं. त्यांनी नुसता हात हलवला. राग फारच मोठा आहे असं समजून घरातून टॉवेल-टोपी आली, कुंकू आलं, गोठ्यातच त्यांना टोपी घातली गेली. डास काचनळीत सोडून बूच लावल्यावर ते म्हणाले, "उत्तम गोठा आहे." लोकांना वाटलं, मान पोचला.

या सगळ्याला मी बरेच दिवस हसत होतो. एकदा एसटीची वाट बघताना विचारलं, "साडूभाऊ, डास तो डास. हा पंख अन् तो पंख, काय फरक पडतो?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "सगळे डास सारखे नसतात. ज्याला लहानपणी पाणी चांगलं मिळालं, गर्दी नव्हती, थंडीत वाढला, त्याचं अंग भरतं, पंख लांब होतो. उन्हाळ्यात डबक्यात दाटीवाटीनं वाढलेला बारका राहतो. मोठ्या पंखाचा लांब जात असेल, जास्त जगत असेल. तो लांब गेला की हिवताप लांब जातो." मग म्हणाले, "मी लहान असताना आमची आक्का तापानं गेली. नदीकाठच्या घरांत ताप नेहमीचाच. आमचं घर जाफराबादच्या पार दुसऱ्या टोकाला, वर. तिथवर तो डास आला कसा, एवढंच मला बघायचंय." एसटी आली म्हणून बरं झालं. मी त्यांची नळ्यांची पिशवी उचलली आणि आधी चढलो.

तर त्यांनी तीन ठिकाणं धरली होती. जाफराबाद त्यांचं स्वतःचं, कुंभार पिंपळगाव दक्षिणेला, आणि वर भोकरदनकडे धावडा. धावडा ही आमची दोघांची सासुरवाडी. जाफराबाद नि पिंपळगावला ते स्वतः जायचे, पण तिन्हीकडे जाणं कॉलेज सांभाळून जमेना, म्हणून धावड्याचं काम त्यांनी सासऱ्यांवर सोपवलं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांनी आयुष्यभर शेती केलेली, पण डास ओढण्यात त्यांचा हात, म्हणजे श्वास, चटकन बसला. त्या नळीला ते पुंगी म्हणायचे. पहाटे डोक्याला रुमाल गुंडाळून, बैलाच्या पाठीमागच्या भिंतीशी ते पुंगी लावून उभे राहत, आणि बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी हाती नळ्या एसटीने जालन्याला पाठवत. गावात कुणी हटकलं तर म्हणत, "जावाई डाक्टर व्हऊन राह्यला. त्याला लागत्यात." त्यावर गावातले लोक गुडघे, कंबर दाखवायला त्यांच्याकडे यायला लागले, ते वेगळंच.

आणि धावड्याचे पंख मोठे निघाले. ऋतू तोच, जात तीच, पण जाफराबाद आणि पिंपळगावपेक्षा धावड्याचा पंख स्पष्ट लांब. साडूभाऊंना मी पहिल्यांदा रस्त्यात गुणगुणताना ऐकलं. धावड्याकडे हवा गार, पाणी गार, म्हणून तिथला डास मोठा, म्हणून तो लांब जातो, अशी सगळी साखळी त्यांनी जुळवली. औरंगाबादचे त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, हा प्रबंधाचा कणा आहे. फक्त एक गोष्ट साडूभाऊंना चमत्कारिक वाटायची. "बाकी दोन गावांत लहान-मोठे सगळे असतात. धावड्याचे एकजात सारखे. बारका एक नाही." मी म्हणालो, "आपली सासुरवाडी आहे. शिस्तीचं गाव." ते हसले. प्रबंध टंकून तयार झाला, बांधायला द्यायचा तेवढा राहिला.

त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. दोन्ही जावयांना धावड्याला बोलावणं आलं. अनारसे खाऊन मी पहिल्या दिवशीच आडवा झालो. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा आणि साडूभाऊ गोठ्यात निघाले, आणि सासूबाईंनी आणखी अनारसे आणायच्या आत मीही मागोमाग गेलो. मामांनी टॉर्च भिंतीवर धरली. भिंतीला डास चिकटलेले. मामांनी पुंगी लावली, एक ओढला, त्याच्या शेजारचा सोडला, पुढचा ओढला.

साडूभाऊ म्हणाले, "मामा, तो राहिला."

"ते बारकंय."

"असू द्या की. घ्या."

"न्हाई हो, जावाईबापू." मामांनी पुंगी तोंडातून काढली. "बारकं कसं धाडावं तुमच्याकडं? आजवर धाडलं का म्या एक तरी? आंबे धाडतो, त्यात डागी निघाला का कधी? मंग?"

साडूभाऊंनी विचारलं, "म्हणजे पहिल्यापासून निवडून...?"

"पैल्यापासून. पावशेर शेंगा धाडायच्या तरी तुमची सासू सुपात घिऊन बसती. अन् ह्ये तर तुमच्या परीक्षेचं काम. एखांदं बारकं चुकून पुंगीत आलंच, तं दारात जाऊन फुकून देतो."

आणि त्यांनी तसं एक फुंकून दाखवलं.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे मी सांगितलं पाहिजे. माझा धंदाच निवडलेल्या दाण्याचा. चांगलं ते बाजूला काढून ठेवायचं, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि जावयाकडे जाणारी वस्तू तर निवडूनच जाणार. साडूभाऊ मात्र भिंतीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे, मामा," आणि तोंड धुवायला निघून गेले.

परतीच्या एसटीत भोकरदन येईपर्यंत ते खिशातल्या काचनळ्या एकेक काढून बघत राहिले. मग सांगितलं. धावड्याचे डास मोठे नव्हतेच. असतीलही, पण ते आता कुणालाच माहीत नाही. माहीत एवढंच, की मामांनी सगळ्या गोठ्यातले मोठे मोठे वेचून त्यांना दिले होते. प्रबंधाचा कणा मोडला होता.

"कुणाला कळणाराय?" मी म्हणालो. "टंकून झालाय. द्या बांधायला."

"मला कळलं ना," ते म्हणाले. "आक्काचं विचारायला निघालो होतो. तिला काय असलं उत्तर देऊ?"

त्यांनी धावड्याचं प्रकरण काढून टाकलं. घरात ताईंनी अबोला धरला, कॉलेजात बरोबरीचे लोक डॉक्टर होऊन पुढे गेले, मार्गदर्शक वैतागले. साडूभाऊ नव्याने डास गोळा करायला लागले, आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली. धावड्याला तर जायचं, पण मामांना कळू द्यायचं नाही. कारण कळलं की का ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं नाही हे त्यांनी त्याच एसटीत ठरवलं होतं. आता जावयाने सासुरवाडीच्या गावात यावं आणि सासऱ्याच्या घरी पाणीही न पिता जावं, यापेक्षा मोठा अपमान आमच्याकडे नाही. म्हणून हा कॉलेजातला प्राध्यापक रविवारी पहिल्या एसटीने जाऊन गावाबाहेरच उतरायचा, तोंडाला टॉवेल गुंडाळून दुसऱ्या आळीतल्या गोठ्यांतून फिरायचा. एक-दोन वेळा त्याच्यावर कुत्री सोडली गेली. एका म्हातारीने म्हैस बघायला आलेला दलाल समजून भाव सांगितला.

हे लपणार किती दिवस. एका रविवारी मीही ओझं धरायला सोबत गेलो होतो. गोठ्यातून बाहेर आलो तर समोर मामा उभे. चेहऱ्यावर राग असता तर सोपं होतं.

"आमच्या गोठ्यात काय कमी पडलं, जावाईबापू?" त्यांनी विचारलं. "लोक सांगत व्हते, मला खरं वाटंना. माझे डास चालंना का तुम्हाला?"

मी साडूभाऊंकडे बघितलं. कडेच्या झालरीवर तासभर वाद घालणारा माणूस. याला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलला तर समोरचा म्हातारा उभ्या जागी खचणार. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण साडूभाऊंनी आधी टॉवेल सोडला आणि वाकून मामांच्या पायाला हात लावला.

"तुमच्याइतके चांगले डास मला कुणीच दिले नाहीत, मामा," ते म्हणाले. "तुमचे मोजून झाले. आता बाकीच्या गावाचे बघतोय."

मामांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं. "मंग? कसे निघाले बाकीच्यांचे?"

"बारके आहेत बरेच."

"असणारच," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. "त्यांच्याकडं कोण निवडून राह्यलंय. चला, भाकरी तयार हाय."

साडूभाऊ डॉक्टर झाले, उशिरा. प्रबंधात शेवटी एवढंच निघालं, की तिन्ही गावांच्या पंखांत गावानुसार म्हणावा असा फरक नाही. फरक आहे तो ऋतूचा, आणि एकाच भिंतीवरच्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला. आक्कापर्यंत डास कसा आला ते त्यातून कळलं नाही. मामा मात्र शेवटपर्यंत बाजाराच्या दिवशी नळ्या पाठवत राहिले, आणि साडूभाऊ त्यातला प्रत्येक पंख सोडवून, झालर वगळून, मोजत राहिले. कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाठवलेत ना त्यांनी."

मामांच्या तेराव्याला आम्ही दोघं धावड्याला होतो. सकाळी माणसांच्या गर्दीतून साडूभाऊ उठले म्हणून मीही उठलो. ते गोठ्यात गेले होते. खिशात नळी नव्हती, हातात नुसती टॉर्च. भिंतीवर डास बसले होते, मोठे, मधले, अगदी बारीक, जसे कुठल्याही गोठ्यात असतात तसे. त्यांनी प्रकाश हळूहळू भिंतभर फिरवला.

"आता सगळेच हायत," ते म्हणाले. "निवडणारं कुणी राह्यलं न्हाई."

इतकी वर्षं कॉलेजात शिकवून आलेली त्यांची शुद्ध भाषा त्या वेळी कुठे गेली होती कोण जाणे. मी टॉर्च त्यांच्या हातातून घेतली आणि विझवली.