आबांचे बैल बाहेर बांधलेत

प्रिय इरा आणि नीरज,

गेल्या रविवारी नीरज मला फोनवर म्हणाला, "आजी, दुपारी उंद्रीत पाऊस आहे, वाळवण आत घे." मी अंगणात बसले होते. डोक्यावर भादव्याचं लख्ख ऊन होतं. वाळवण मी आत घेतलं नाही आणि पाऊसही आला नाही. पण फोन ठेवल्यावर मला हसू आवरेना, कारण सातासमुद्रापलीकडून आलेला तो ठाम आवाज मी पूर्वी ऐकलेला आहे. तो आपल्या घराण्यात कुठून आला हे तुम्हाला माहीत असावं. ज्यांनी ते सगळं पाहिलं त्यांतली आता मीच तेवढी उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

तुमच्या पणजोबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, मोठे मामाजी, यांना गाव रेडिओआबा म्हणे. संध्याकाळी रेडिओवर हवामान सुरू झालं की ते डोक्यावर टोपी चढवत आणि बसल्या जागी ताठ होत. बातम्या ते उघड्या डोक्यानं, पान जुळवत ऐकत; मग त्यात कोणी मंत्री बोलो की आणखी कोणी. हवामानाला मात्र टोपी. आत जिजी, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापता थापता म्हणायची, "झाली टोपी? आता बोलू नका कोणी, इंद्र आले."

रेडिओ लाकडी पेटीचा होता आणि बॅटरीवर चालायचा. त्याची तार घराच्या आढ्यापासून अंगणातल्या कडुलिंबापर्यंत ताणलेली. गावात तो एकच असल्यामुळे ओसरीवर दहा-वीस माणसं सहज जमत. महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि हवामान सांगताना त्याचे भाग पाडत: कोकण, मराठवाडा, विदर्भ. आमच्या उंद्री गावाचं नाव कधीच येत नसे, याचा आबांना मनापासून राग होता. "रेडिओचं लायसन मी भरतो. मंग उंद्रीचं नाव घ्याले याचं काय जाते?" असं ते रेडिओकडे बोट दाखवून विचारत. विदर्भात तुरळक ठिकाणी सरी पडतील, असं सांगितलं की ओसरीवर वाद पेटे.

"आबा, तुरळक ठिकाण म्हंजे कोनतं?"

"म्हंजे आपलंच. दुसरं कोनतं असन बे?"

मी अमरावतीला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन या घरात आले. आबांना माझ्या शिक्षणाचा एकच उपयोग दिसला. मराठीत सांगितलेलं हवामान पटलं नाही की ते इंग्रजी बातम्या लावत आणि आत हाक मारत, "सूनबाई, इंग्रजीत काय म्हनते पाहा बरं." जसं काही खालच्या कोर्टाचा निकाल मान्य नाही म्हणून वरच्या कोर्टात अपील. एरवी सुनेनं ओसरीवर पाऊल टाकायचं नाही, असा त्या घराचा शिरस्ता होता. पण इंग्रजी हवामानापुरती मला खुर्ची मिळे. मी पदर सावरून ऐकायची आणि सांगायची, "मामाजी, इंग्रजीतही तुरळक ठिकाणीच म्हणतात." आबा सुस्कारा टाकत. "इंग्रज गेला, पन सवय नाई गेली."

त्यांची खरी कला मात्र वेगळी होती. आपला जिल्हा विदर्भाच्या कडेला. देऊळगाव राजा ओलांडलं की जालना, म्हणजे मराठवाडा. त्यामुळे आबांना रोज दोन हवामानांतून एक निवडता येई, आणि ते भाजी निवडावी तसं निवडत. हरभऱ्याच्या पेरणीला ओल हवी असली आणि विदर्भात पाऊस सांगितला, तर आपण पक्के विदर्भातले. धान्य खळ्यावर असलं आणि मराठवाडा कोरडा सांगितला, तर ते म्हणत, "तो नकाशा कागदावर झाला. आपला वारा जालन्याकून येते. हवामानानं आपन मराठवाड्यात." जिजी आतून विचारायची, "मागच्या हप्त्यात तर तुमी विदर्भात होते. बिऱ्हाड कधी हालवलं?"

हे वर्षानुवर्षं निभावलं, कारण उंद्रीत पाऊस कुणालाच विचारून येत नव्हता. पुढे हायब्रीड ज्वारी आली. आपली गावठी ज्वारी थंडीत निघते. ही नवी दसऱ्याच्या आसपासच तयार होई, म्हणजे नेमकी परतीच्या पावसाच्या तोंडी. दाणा भिजला की काळा पडायचा. शेजारच्या नामदेवानं त्या वर्षी आबांच्याच सांगण्यावरून सगळ्या वावरात हायब्रीड पेरली. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, आणि वर्षाची भाकरी ती तेवढीच. कणसं खुडून खळ्यावर पसरली होती. नामदेव संध्याकाळी ओसरीवर आला.

त्या दिवशी रेडिओनं विदर्भात बऱ्याच ठिकाणी पाऊस सांगितला आणि मराठवाडा कोरडा. इंग्रजीतही तेच निघालं. मी तसं सांगितलं. आबांचंही खळं भरलेलं होतं आणि सकाळी मळणी धरायची होती.

"आबा, कनसं आत घेऊ का राहू देऊ?" नामदेवानं विचारलं.

आबांनी टोपी नीट केली. "राहू दे. आपन मराठवाड्यात हाओत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दव पडलं होतं, आभाळ निळंशार. आबा अंगणात छाती काढून फिरत होते. दुपारी जेवणं होतात न होतात तोच देऊळगाव राजाच्या बाजूनं काळं आभाळ उठलं. गावभर एकच पळापळ झाली. नामदेव खळ्यावर धावला, त्याची बायको सतरंज्या घेऊन धावली. पण झाकायला सतरंज्या पुरणार कुठे? त्याचं घर एवढंसं.

आबा आमच्या टिनाच्या गोठ्यात शिरले. त्यांच्या बैलजोडीला घरातल्या माणसांपेक्षा जास्त मान होता. ती जोडी त्यांनी सोडली आणि पावसात कडुलिंबाखाली नेऊन बांधली. मग गायी काढल्या, जमीन झाडली आणि ते नामदेवाच्या खळ्यावर गेले. धोतराच्या सोग्यात कणसं भरून गोठ्यात आणू लागले. आम्ही सगळ्यांनी टोपली उचलली, मी आणि जिजीनंसुद्धा. आमचं स्वतःचं खळं तसंच उघडं होतं. जिजीनं एकदा तिकडे पाहिलं आणि नामदेवाचीच टोपली उचलली.

नामदेव आबांना एवढंच म्हणाला, "आबा, तुमी सांगतलं म्हनून ठेवलं."

"म्हनूनच उचलून राह्यलो ना बे."

नामदेवाची ज्वारी बहुतेक सगळी वाचली. आमची काळी पडली. गोठ्याच्या दारात ओलेचिंब उभे राहून आबा म्हणाले, "पाऊस आला खरा, पन आला मराठवाड्यातूनच." कोणी हसलं नाही. मग नामदेवच हसला, आणि सगळे हसले.

त्या हिवाळ्यात आम्ही काळ्या ज्वारीची भाकरी खाल्ली. तिला बुरशीचा कडवट वास यायचा. आबा पहिला घास मोडून म्हणाले, "चव वाईट नाई." जिजीनं त्यांच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. "मराठवाड्याची भाकर हाये. मुकाट्यानं खा."

आबा सुधारले असं तुम्हाला वाटेल. छे. पुढच्या भादव्यातही टोपी चढली, उंद्रीचं नाव न घेतल्याबद्दल रेडिओची खरडपट्टी निघाली आणि विदर्भ-मराठवाड्याची ये-जा चालू राहिली. फरक एवढाच झाला की खळी भरू लागली की आबा आधी गोठा रिकामा करत. तोंडानं सांगत, "आठ दिवस थेंब नाई," आणि हातानं बैल बाहेर बांधत. गावानं यातून आपला नियम काढला. ओसरीवर गर्दी तेवढीच व्हायची, पण जाताना प्रत्येक जण कडुलिंबाकडे बघून जाई. बैल बाहेर दिसले की कणसं गोठ्यात येत. नामदेवाची सगळ्यांत आधी. आबा विचारत, "माह्या शब्दावर भरवसा नाई काय रे?" नामदेव म्हणे, "हाये ना आबा. पन बैल बाहेर बांधलेत."

आबा गेले ते अशाच दिवसांत, खळी भरलेली असताना. सकाळची वेळ होती, आभाळ भरून आलेलं. माणसं जमली, पण नामदेव दिसेना. मी मागच्या दारी गेले तर तो गोठ्यात होता. त्यानं बैल सोडून कडुलिंबाखाली बांधले, जमीन झाडली आणि मगच तो खांदा द्यायला पुढे आला.

आता तो रेडिओ नाही. कडुलिंब रस्त्यात गेला. ज्वारी फारसं कोणी पेरत नाही, सगळीकडे सोयाबीन. तुमच्या काकाच्या मोबाईलवर तासातासाचा पाऊस दिसतो आणि त्यात उंद्रीचं नावही असतं; आबांना बरं वाटलं असतं. गोठ्याची टिनं दोनदा बदलली, पण गोठा तिथेच आहे. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली की आपल्याकडे अजूनही आधी तो रिकामा करतात आणि मग मोबाईल बघतात.